बयाबाईंचा तवा

बिंदू चौकातून घराकडं वळताना तात्या उत्तूरकरांना रस्त्यात माणसांचं कोंडाळं दिसलं, आणि कोंडाळं दिसलं की ते नेहमी करत तेच त्यांनी केलं. रस्त्याची पलीकडची कड धरली. काखेत वाचनालयातून आणलेली दोन पुस्तकं होती आणि पायात कोल्हापुरी वहाणा होत्या, पण न वाजणाऱ्या. या गावात वहाण घ्यायची ती करकर वाजणारी; चार घरं आधी कळलं पाहिजे की कोण येतंय. तात्या मात्र नव्या वहाणा आणल्या की त्यांना आठवडाभर एरंडेल पाजून तो आवाज घालवत. तसेच, न वाजता, ते पुढं निघून गेले असते. पण ती माणसं एकाएकी गप्प झाली. पंधरा-वीस कोल्हापूरकर एका जागी उभे आणि गप्प, हे इतकं विपरीत होतं की तात्या थांबले आणि त्यांनी टाचा उंचावल्या. खाकी शर्टातला एक मिशाळ माणूस मधोमध उभा होता. त्याच्या पाठीला पेटी होती, कानांवर दोन काळे चकते दाबून बसवले होते, हातात लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला ताटाएवढी तबकडी. जमिनीला न टेकवता ती तबकडी तो रस्त्यावरून फिरवत होता, अंगण सारवावं तशी, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. मध्येच ती अडखळली. मागं गेली, पुन्हा तिथंच आली. "हितं हाय," तो म्हणाला. मजुरानं पहार घातली. डांबराचा पापुद्रा उडाला, खडी उडाली, आणि वीतभर खाली लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. नळाच्या चावीवरचं झाकण होतं ते. रस्ता करताना डांबराखाली गेलेलं. हशा झाला, माणसं पांगली. तो आवाज मात्र तात्यांच्या कानातून जाईना. पुस्तकं काखेतून सुटली. एका म्हशीवाल्यानं ती उचलून दिली, वरची धूळ आपल्या धोतराला पुसली आणि विचारलं, "मास्तर, बरं वाटंना काय?"

तात्या कधीच मास्तर नव्हते. त्यांचा जन्म वाचनालयात पुस्तकांना नंबर घालण्यात गेला होता. पण चष्मा, धोतर, काळी टोपी आणि वाकलेली मान एवढं एका माणसात दिसलं की गाव त्याला मास्तर म्हणतं, आणि ते दुरुस्त करायला जेवढं मोठ्यानं बोलावं लागतं तेवढं बोलणं तात्यांना जमलं नव्हतं. त्यांचं बोलणं एका खेपेत कुणाला ऐकूच जात नसे. "आं?" हा शब्द त्यांनी इतक्यांदा ऐकला होता की काही सांगायचं म्हटलं की तो आधीच कानात वाजे आणि सांगायची गरज निम्मी होई. असं असून त्या दिवशी ते रस्ता ओलांडून त्या खाकीवाल्याकडं गेले. हे यंत्र किती खोलवरचं ओळखतं, असं त्यांनी विचारलं. "आं?" तो म्हणाला आणि त्यानं कानावरचा चकता सरकवला. तात्यांनी पुन्हा विचारलं. मग तो खाकीवाला, केरबा त्याचं नाव, खुलला. तो लढाईत सुरुंग हुडकणाऱ्या तुकडीत होता, इटलीत गेलता, आणि लढाई सरल्यावर हे यंत्र त्यानं लष्कराच्या लिलावात उचललं होतं. आपल्याकडं सुरुंग न्हाईत ही मोठी अडचण हाय, तो म्हणाला, म्हणून झाकणं हुडकतो. फूटभर खाली सुईसुद्धा सोडत न्हाय. हे शेवटचं तात्यांना खरं वाटलं नाही, पण खोटं ठरवायला ते थांबलेही नाहीत. "आणि तवा असेल तर? भाकरीचा?"

"तव्याला तर बोंबलंल की," केरबा म्हणाला. "पर तवा कुणी पुरलाय, मास्तर?"

राजारामपुरीतल्या आपल्या दोन खोल्यांकडं चालत जाताना तात्या तो प्रश्न मनात घोळवत राहिले. उत्तर त्यांना माहीत होतं. तवा बयाबाईंनी पुरला होता. चौतीस वर्षांपूर्वी, शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरामागच्या परड्यात, मानमोडी तापाच्या साथीत. तात्या आणि कालिंदी तेव्हा बयाबाईंच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. बयाबाई विधवा, आवाज असा की परड्यात बोलल्या की रस्त्यावरचा माणूस वळून बघे. कालिंदी बाळंत झाली, मुलगी झाली आणि तिसऱ्याच दिवशी कालिंदीला तापानं घेरलं. उत्तूरला भावाच्या घरात सगळेच आडवे झाले होते, येणार कोण. मुलगी आईच्या अंगाच्या उष्णतेनं लाल दिसायची, तीच तिच्या तापाची सुरुवात होती हे तात्यांना कळलं नाही. बारसं व्हायचं होतं. नाव ठरलं होतं, पण आत्यानं कानात सांगितल्याशिवाय नाव होत नाही, म्हणून ते तसंच राहिलं; पुढं ते नाव कधी एखाद्या पुस्तकात आलं तर तात्या पान उलटत. एका सकाळी ती गार होती. नदीवर न्यावं तर तिथं सरणं विझत नव्हती आणि चार माणसं बोलवावीत तर उभी अशी चार माणसं पेठेत नव्हती. तात्या दारात तिला घेऊन उभे राहिले. किती वेळ, कोण जाणे. त्यांच्याही अंगात ताप होता. बयाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी तात्यांकडं बघितलं, हात धुतले, पहार घेतली आणि परड्यात गेल्या.

त्यानंतरचं तात्यांना तुकड्यातुकड्यांनी आठवे, आणि त्या तुकड्यांत जागा कुठंच नव्हती. ओल्या मातीचा वास आठवे. एक कोंबडी सारखी मध्ये येत होती, बयाबाई तिला शिव्या देत होत्या आणि शिव्या देताना रडत होत्या. आपल्या हातांत धोतराच्या पानात गुंडाळलेलं ते ओझं किती कमी होतं तेही आठवे, दोन पुस्तकांएवढं, त्याहूनही कमी. पण पेरूपासून किती लांब, विहिरीच्या कोणत्या अंगाला, भिंतीकडं की दाराकडं, काही नाही. ते जमिनीकडं बघतच नव्हते. माती लोटल्यावर बयाबाई घरात गेल्या. आतून चर्र असा आवाज आला, तापल्या लोखंडावर पाणी पडल्याचा, आणि त्या भाकरीचा तवा घेऊन बाहेर आल्या. खड्ड्यात हाताएवढी जागा शिल्लक होती तिथं त्यांनी तो पालथा घातला. "कुत्रं उकरणार न्हाय," त्या म्हणाल्या. "आनि लोखंड हाय वर, भ्या न्हाय तिला." मग तव्याच्या पाठीवर हात ठेवून, अगदी वेगळ्या आवाजात, "अजून ऊब हाय बघा." वर माती आली. त्या दिवशी त्या घरात भाकरी झाली नाही. दुसरा तवा बयाबाईंनी कधी आणला, ते तात्यांनी कधी विचारलं नाही.

आता बयाबाई नव्हत्या. त्यांच्या पुतण्यानं घर गुळाचे व्यापारी हंबीरराव यांना विकलं होतं. तात्या दर शनिवारी, वाट वाकडी करून का होईना, त्या घरासमोरून जात. थांबत नसत, बघतही नसत, नुसते जात. मागच्याच शनिवारी बोळात दगड आणि वाळू पडलेली दिसली, आणि मागचं दार सताड उघडं होतं म्हणून त्यांनी बघितलं. पेरू नव्हता. विहीर बुजवलेली होती. मोकळ्या परड्यात चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. गवंडी तंबाखू मळत बसला होता, त्यानं आपणहून सांगितलं की मालक ट्रक घेणार हाईत, ट्रकाला गाळा बांधायचा हाय, आणि गाळ्यात गाडीखाली उतरायला पुरुषभर खड्डा. माती कुठं टाकणार, असं तात्यांनी विचारलं. "आं?" गवंडी म्हणाला. तात्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या रात्रीपासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं, आणि कालिंदी दोनदा म्हणाली होती की पुस्तकं बारीक टाइपाची आणू नका, डोक्यात ताप शिरतो.

यंत्र दिसल्यावर आता एकच काम उरलं होतं, हंबीररावांची परवानगी. दुसऱ्याच्या परड्यात यंत्र फिरवायचं म्हणजे परवानगी हवी. वाचनालयात एखाद्यानं नुसतं कपाट उघडलं तरी तात्यांना कसंसंच होई, हे तर दुसऱ्याचं घर. पहिल्या खेपेला ते गेले तेव्हा हंबीरराव ओसरीवर उघड्या अंगानं बसले होते. घरातल्या घरात बोलले तरी हाळी दिल्यासारखा त्यांचा आवाज. "या की मास्तर, बसा, लाजताय काय बायकूवानी," असं म्हणून त्यांनी दूध मागवलं, गुळाचा खडा पुढं केला आणि यंदाच्या हंगामाचं, हातकणंगल्याकडच्या उसाचं, रेल्वेत वॅगन न मिळण्याचं सगळं सांगून टाकलं. त्यात मध्ये शिरायला तात्यांना फट सापडेना. ते गूळ घेऊन परत आले. कालिंदीनं तो चाखला, चांगला आहे म्हणाली, आणि कुठनं आणला म्हणून विचारलं. तात्यांनी बाजारातनं म्हणून सांगितलं. मग रात्रभर, खोटं बोललो हे खटकतंय की तिनं गूळ चांगला म्हटला हे खटकतंय, ते त्यांना ठरवता येईना.

दुसऱ्या खेपेला त्यांनी तयारी केली. काय बोलायचं ते मनात जुळवलं, निबंध जुळवावा तसं. आधी प्रस्तावना, मग विषय. यंत्राची माहिती ही प्रस्तावना आणि पुरावा म्हणून केरबाच बरोबर घेतला. इथंच चूक झाली. पुस्तकात माणूस प्रस्तावनेतून विषयाकडं जातो. कोल्हापुरात एखाद्याच्या परड्यात जमिनीखालचं हुडकायचं यंत्र घेऊन गेलं की विषय काय तो समोरच्याला आधीच कळलेला असतो. हंबीररावांनी केरबाकडं बघितलं, पाठीवरच्या पेटीकडं बघितलं, आणि बसायचा पाट सरकवून पुढं बसले. गुप्तधन. मास्तर, तुमी हितं भाड्यानं ऱ्हात व्हता न्हवं, त्यांनी विचारलं. तात्या घाईनं म्हणाले, तसं काही नाही, एक तवा आहे. केरबा फसकन हसला. हंबीररावही हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. तवा तर तवा, ते म्हणाले. मी काय लबाड न्हाय, आणि तुमी बी न्हाय. अर्धं तुमचं, अर्धं आमचं, हा कोल्हापूरकराचा शब्द हाय.

"पर मास्तर," आणि इथं ते पुढं झुकले, "तव्याखाली काय हाय, तेवढं बोला."

तात्या उभे राहिले. उभं राहायचं काहीच कारण नव्हतं. ओसरीवरून माजघर दिसत होतं, माजघरापलीकडं मागच्या दाराची चौकट, आणि चौकटीत परड्याचा एक उन्हाचा तुकडा, त्यात पांढऱ्या रेघेचं टोक. ते टोक दिसलं आणि मनात जुळवलेलं सगळं गेलं. चौतीस वर्षांत त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. भावाला एका ओळीचं पत्र टाकलं होतं तेवढंच. सांगितली नव्हती म्हणजे लपवली होती असं नाही; कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावाचून सांगावं एवढा आपला आवाज मोठा आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आता मात्र एक माणूस विचारत होता. गुप्तधनासाठी का होईना, विचारत होता. तात्यांनी सांगितलं. ओठ हलले. "आं?" हंबीरराव म्हणाले आणि कानामागं हात धरला. तात्यांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा आवाज जेमतेम ओठांपुढं आला. तेवढ्यात माजघराच्या दारातून हंबीररावांच्या बायकोचा, झुंबरबाईंचा आवाज आला.

"जरा गप ऱ्हावा तुमी. मला ऐकू आलंय."

त्या डोकीवरचा पदर सारखा करत ओसरीवर आल्या. केरबाला त्यांनी बाहेर कट्ट्यावर बसायला सांगितलं. मग जमिनीवर बसल्या आणि तात्यांनाही बसायला लावलं. पोरगी व्हती काय, त्यांनी विचारलं. तात्या हो म्हणाले. किती दिसांची? बारसं व्हायचं होतं, तात्या म्हणाले. झुंबरबाईंनी हातातल्या बांगड्या वर सारल्या आणि परत खाली आणल्या. हंबीररावांची मोठी अडचण झाली. त्यांनी 'अर्धं' हा शब्द काढला होता तो आता परत कसा घ्यायचा हे त्यांना कळेना, आणि आवाजाशिवाय दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं, म्हणून ते बाहेर गेले आणि काही कारण नसताना गवंड्यावर ओरडू लागले. ओरडणं ऐकत झुंबरबाई म्हणाल्या, तसा मनानं वाईट न्हाय हा माणूस. मग त्यांनी विचारलं, यंत्र फिरवाल, जागा सापडंल, पुढं काय करायचं ठरिवलंय? तात्यांनी काही ठरवलं नव्हतं. काढून नदीत सोडावं, की गाळा सरकवा म्हणून विनवावं, की नुसतं बघावं. जागा सापडेपर्यंतचाच विचार त्यांच्यात मावला होता.

"आनि वैनींना इचारलंय?"

"नाही."

"मग आमची परवानगी कशाला मागताय?" झुंबरबाई म्हणाल्या. "आदी तिच्या आईची घ्या. तवर हितं कुदळ लागणार न्हाय, ते माझ्याकडं."

परतीच्या वाटेवर तात्यांना आपल्या वहाणांचा आवाज यावा असं वाटत होतं. कुणीतरी चालतंय एवढं तरी कळलं असतं. कालिंदीला विचारायचं हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं, आणि का आलं नव्हतं हे आता वाटेत हळूहळू उलगडत होतं. तापातून उठल्यावर कालिंदीनं पाळण्याकडं बघितलं होतं, मग त्यांच्याकडं बघितलं होतं, आणि काही न विचारता तोंड भिंतीकडं केलं होतं. तिला नको आहे, असं तात्या समजले. त्यांनी ते न बोलणं नीट घडी घालून ठेवलं, नॅप्थलीनची गोळी घालून ठेवावं तसं, आणि त्याला माया म्हणत आले. पुन्हा मूल झालं नाही. दोघांचा संसार न भांडता झाला. शेजारच्या घरांतून आदळआपट ऐकू येई तेव्हा तात्यांना आपल्या घराचा अभिमान वाटे. पण एवढी शांतता दोन माणसांनी मिळून केली होती की एकेकट्यानं, हे त्यांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं. कदाचित आपण एक घाबरट माणूस आहोत आणि घाबरटपणाला आपण चांगली नावं देत आलो, असं त्यांना टाउन हॉलच्या बागेजवळ वाटलं. राजारामपुरी येईपर्यंत तसं ठाम वाटलं.

कालिंदी खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. दिवेलागण व्हायची होती. तात्यांनी टोपी खुंटीला लावली, काढली, पुन्हा लावली. मग तिच्यासमोर पाटावर बसून त्यांनी सूप आपल्याकडं ओढलं आणि तेही खडे वेचू लागले. शुक्रवार पेठेतलं आपलं घर, ते म्हणाले, त्याच्या मागं आता गाळा बांधतायत. खड्डा घेतायत. मी त्यांच्याकडं गेलो होतो. तो गूळ तिथला. एवढं बोलून ते थांबले, कारण पुढचा शब्द कुठला ठेवायचा ते कळेना. त्या मुलीला नावच नव्हतं.

"नंदिनीचं म्हणताय ना?" कालिंदी म्हणाली.

तात्यांच्या हातातला खडा परत तांदळात पडला. नाव ठरल्यानंतर ते कुणाच्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि कालिंदीनं ते असं घेतलं होतं, रोजच्या वापरातलं, कडा झिजलेलं. तिच्या तोंडात ते नवीन नव्हतं. कुठं, कधी, कुणाजवळ ती हे नाव घेत आली असेल? आपण वाचनालयात गेल्यावर? स्वयंपाक करताना? तात्यांना एकदम या दोन खोल्या फार मोठ्या वाटल्या, जिथं आपण कधी गेलोच नाही असे कोपरे असलेल्या. कालिंदी सूप परत आपल्याकडं घेऊन सांगत होती, चढउतार न करता, तांदळावरची नजर न काढता. तव्याचं तिला माहीत होतं. बयाबाईंनीच सांगितलं होतं. जागा मात्र सांगितली नाही. म्हणाल्या, जागा सांगितली तर तू तिथंच बसून राहशील, आणि मग उठणार कधी?

"तुम्हांला विचारणार होते," ती म्हणाली. "पण तुमचा चेहरा बघितला की वाटायचं, नको, यांना सोसायचं नाही. ते घर सोडेपर्यंत मी त्या परड्यात कपडे वाळत घातले, भांडी घासली. कुठं पाय द्यायचा नाही ते ठाऊक नव्हतं. म्हणून सगळीकडंच हलक्या पायानं चालले."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तात्यांनी कालिंदीच्या पावलांकडं बघितलं. साठीला आली तरी ती पाऊल अजून तसंच टाकत असे, आधी चवडा, मग अलगद टाच. आपल्याला आवाज सोसत नाही म्हणून ही अशी चालते, असं ते इतकी वर्षं समजून होते. त्यांनी तिच्या पावलाला हात लावला. ती पाय मागं घेऊ लागली, अहो, काय करताय म्हणाली, आणि मग तिनं तो तिथंच राहू दिला. मग तात्यांनी केरबाच्या यंत्राचं सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं की त्या यंत्राचा नंदिनीला काही त्रास तर नाही ना व्हायचा. नाही, तात्या म्हणाले, ते जमिनीला टेकतसुद्धा नाही. मग ठीक आहे, कालिंदी म्हणाली. काढायचं नाही काही. कुठं आहे तेवढं कळू दे. मी येते.

तिसऱ्या खेपेला सकाळची उन्हं परड्यात तिरपी येत होती. झुंबरबाईंनी कालिंदीला हळदीकुंकू लावलं आणि दोघी, जुनी ओळख असल्यासारख्या, भिंतीशी उभ्या राहिल्या. केरबानं पेटी पाठीला बांधली, बॅटऱ्या रेडिओच्या दुकानातनं नव्या घातल्यात म्हणून सांगितलं आणि तबकडी फिरवायला सुरुवात केली. पुरुष यंत्राभोवती जमले तसे कामालाच लागल्यासारखे दिसू लागले. तबकडी थांबली, गवंड्यानं खुरपं घातलं. घोड्याचा नाल निघाला. पुन्हा थांबली, बादलीची कडी. सुईसुद्धा न सोडणारं ते यंत्र सगळ्यालाच सारखं बोंबलत होतं, आणि दर खेपेला हंबीरराव "निघालं काय?" म्हणून अशी हाळी देत की पलीकडच्या माडीवरची माणसं गॅलरीत आली. दर खेपेला तात्या कालिंदीकडं बघत. ती जमिनीकडं बघत होती. विहीर बुजवल्याच्या खुणेकडं केरबा वळला, तिथंही काही नव्हतं. असेलच कशावरून, तात्यांना वाटलं. लोखंड आहे, चौतीस पावसाळे झाले, गंजून मातीच झालं असेल. आपण एका यंत्राच्या नादी लागून तिला इथपर्यंत आणलं. तेवढ्यात कालिंदी भिंतीपासून निघाली आणि केरबाजवळ जाऊन म्हणाली, ते कानाचं मला द्या.

केरबानं तात्यांकडं बघितलं, मग चकते काढून तिच्या हातात दिले. तिनं ते पदरावरून कानांना लावले. तार आखूड होती, म्हणून दोघांना जोडीनं चालावं लागलं. केरबा तबकडी फिरवत पुढं, कालिंदी त्याच्या खांद्याशी, आधी चवडा, मग टाच. आता केरबालाही काही ऐकू येत नव्हतं. जे काही होतं ते एकट्या तिच्या कानात होतं. तात्यांनी तिचा चेहरा बघायचं ठरवलं आणि यावेळी नजर काढली नाही. पांढरी रेघ जिथं काटकोनात वळत होती, जिथं पुरुषभर खड्डा घ्यायचा होता, त्याच्या अलीकडच्या अंगाला ती थांबली. केरबा एक पाऊल पुढं गेला, तार ताणली, तो मागं आला. तबकडी तिथंच तरंगत राहिली. कालिंदीच्या चेहऱ्यावर आधी काहीच झालं नाही. मग ती थोडी वाकली, अंथरुणावर कान द्यायला वाकावं तेवढीच. गवंडी खुरपं घेऊन पुढं सरकला. हंबीररावांनी हाळी द्यायला तोंड उघडलं. कालिंदीनं वर न बघता ओठांवर बोट ठेवलं.

घरात मूल नुकतं झोपलेलं असताना दारातून येणाऱ्या माणसाला बाई जशी खूण करते, तशीच ती खूण होती. तिच्यात रागही नव्हता आणि विनवणीही नव्हती. गवंडी जागच्या जागी थांबला. गॅलरीतली माणसं गप्प झाली. झुंबरबाईंनी कडेवर काही नसताना हात कडेशी नेला. हंबीररावांचं तोंड उघडं होतं ते त्यांनी मिटलं. मग त्यांनी एक एक करून आपल्या करकरणाऱ्या वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी, अवघडून पाऊल टाकत, पांढऱ्या रेघेपर्यंत गेले. ती रेघ त्यांनी पायानं पुसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माती न उडवता. तात्या जिथं उभे होते तिथपर्यंत पुसत आले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाले. ते इतकं हळू होतं की तात्यांना ओठ हललेले दिसले, उन्हाची तिरीप दिसली, हातातल्या वहाणांचे गोंडे दिसले, पण शब्द कळले नाहीत. त्यांनी मान तिरकी केली, कानामागं हात धरला, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला तो शब्द आज पहिल्यांदा त्यांच्या तोंडून गेला.

"आं?"